दिवेलागणीचं दार

समई लावून, घंटी वाजवून सरोजानं हात जोडले. श्लोकाची पहिली ओळ ओठांवर आली न आली तोच बाहेरच्या खोलीत भिंतीवरची पांढरी पेटी बोलली.

"फ्रंट डोअर ओपन."

आवाज गोड होता, शिकल्यासवरल्या बाईचा, पण सरोजानं श्लोक तिथंच सोडला. पाटावरून उठायचं म्हणजे आधी डावा हात जमिनीला, मग उजवा भिंतीला, मग गुडघ्यांची मनधरणी. "आले, आले," असं कोणाला म्हणत होती तिलाच ठाऊक. ती बाहेर आली तेव्हा रघुराम आपल्या वेताच्या खुर्चीत बसलेले होते. मांडीवर हात, डोळे अर्धवट मिटलेले. चपला खुर्चीखालीच. तिनं आधी त्या चपला पाहिल्या, मग त्यांना पाहिलं, आणि मग दार.

दार लागल्यासारखं दिसत होतं. जवळ गेल्यावर बोटभर फट दिसली, आणि कडी खाली लोंबत होती.

सरोजानं दार ढकललं, कडी चढवली आणि हात लावून पुन्हा पाहिली. "फ्रंट डोअर क्लोज्ड," पेटी म्हणाली. लगेच फोन वाजला. बंगळूरहून नंदिता. पेटीत काही हललं की तिच्या फोनवर निरोप जायचा आणि तिचा फोन इथं यायचा, मधे श्वास घ्यायलाही उसंत नसायची.

"अम्मा, दार कोणी उघडलं?"

"कोणी नाही ग. ते तुझं यंत्र खोटं बोलतं."

"अप्पा कुठे आहेत?"

"इथंच. खुर्चीत. देऊ का फोन?"

"नको. दार नीट लागलंय का बघ आधी. कडी होती ना?"

सरोजा कडीकडे बघत म्हणाली, "होती की."

हे खोटं बोलताना तिचा आवाज अजिबात हलला नाही, आणि त्याचंच तिला जास्त भय वाटलं.

पहिल्या काही वेळा तिलाही वाटलं होतं की यंत्रच बिघडलं आहे. मग एका संध्याकाळी तिनं कडी खाली लोंबताना पाहिली. त्यानंतर पुन्हा. दुपारची फिल्टर कापी पिऊन झाली की कडी पुन्हा नीट लावायची, हा तिचा नेम होता. हाताला सवय होती. पण हात करतो ते डोकं लक्षात ठेवतंच असं नाही. लावली होती का? आज लावली होती की कालची आठवतेय? रघुरामांचंही असंच सुरू झालं होतं. आधी चष्मा, मग किल्ल्या, मग शेजाऱ्याचं नाव. घरात एकाला हा आजार होता तो पुरे होता. दोघांना झाला असं नंदिताला कळलं तर ती एक दिवस थांबणार नाही. म्हणून सरोजानं सगळं त्या यंत्रावर ढकललं होतं.

यंत्र आलं ते पोंगलनंतर. एका दुपारी सरोजाचा डोळा लागला आणि रघुराम घरातून निघून गेले. ओरत्तनाडूच्या तालुका कचेरीत त्यांची सगळी नोकरी झाली होती, तिथल्याच बसमध्ये ते जाऊन बसले. अंगात बनियन, खाली वेष्टी, आणि हातात डब्याऐवजी टीव्हीचा रिमोट. कंडक्टरनं तिकीट विचारलं तर म्हणाले, "पास आहे." भला माणूस होता, त्यानं वाद घातला नाही. ओरत्तनाडूला उतरवून चहाच्या टपरीवर बसवलं आणि गळ्यातल्या पट्टीवरच्या नंबरावर फोन केला. ती पट्टीसुद्धा नंदितानंच घातली होती. सरोजाला तेव्हा ती पट्टी मुळीच आवडली नव्हती. त्या दिवशी तिनं त्या पट्टीला मनातल्या मनात नमस्कार केला.

दुसऱ्याच आठवड्यात सुंदर नावाचा माणूस शिडी आणि ड्रिल घेऊन आला. भिंतीवर पेटी बसली. दाराच्या चौकटीवर काडेपेटीएवढी एक डबी आणि दाराच्या फळीवर तिच्यासमोर तिची धाकटी बहीण. मोठीत बॅटरी आणि धाकटीत लोहचुंबक. दोघी जवळ असल्या की दार बंद, लांब गेल्या की दार उघडं. वायर नाही, काही नाही, सगळं हवेतून. आणि त्याच दिवसापासून दार चोवीस तास बंद ठेवायचं ठरलं.

"अम्मा, ऐकतेयस ना?" नंदिता फोनवर म्हणत होती. "मी शनिवारी येतेय. गाडी घेऊन."

"ये की. डांगर पच्चडी करून ठेवते."

"जेवायला नाही येत ग मी. त्या जागेवाल्यांना मी सोमवारचं सांगितलंय. बाग आहे, नर्स आहेत, अप्पांसारखी अजून माणसं आहेत. दाराला भरवसा नाही, तुझे गुडघे असे. पुन्हा कुठे गेले आणि या वेळी तसला कंडक्टर नाही भेटला तर?"

"यंत्र दुरुस्त झालं तर?"

"यंत्र खरंच भरवशाचं झालं तर बघू. पण खरंच झालं पाहिजे अम्मा. नुसतं तू म्हणतेस म्हणून नाही."

*

सकाळी सुंदर दुरुस्तीला दुसऱ्यांदा आला. पहिल्या खेपेला त्यानं बॅटरी बदलली होती आणि पुढचे दहा-बारा दिवस पेटी मुकाट होती. नंदिता म्हणाली, बॅटरीच होती. सुंदर म्हणाला, मी म्हटलं नव्हतं? आणि मग पुन्हा सुरू झालं होतं.

त्यानं चष्मा कपाळावर चढवून डबी निरखली. "मामी, हिला हळद लागलीय. हिचीही पूजा केलीत का?"

"शुक्रवारी चौकटीला हळदकुंकू लावते मी. तुझी डबी मधे आली त्याला मी काय करू?"

"मग बिघडेल नाही तर काय होईल? लक्ष्मी आणि लोहचुंबक एका चौकटीत कसे राहतील?"

"चाळीस वर्षं लक्ष्मी आणि ह्यांचे भाऊबंद एका चौकटीत राहिले. तू डबीचं बघ."

सुंदर हसला. त्यानं डबी उघडली, कापसानं पुसली, नवी बॅटरी बसवली. दोन्ही डब्यांमधलं अंतर पाहिलं, धाकटी थोडी वर सरकवली. मग पेटीतलं एक बटन दाबून धरलं, डबीतलं एक बटन दाबलं, आणि दोघींची पुन्हा नव्यानं ओळख करून दिली. वायफायचा डबा पेटीपासून लांब हलवला. "हवेतल्या लाटा एकमेकींत अडकतात कधीकधी," तो म्हणाला. स्वयंपाकघरातला मिक्सर लावायला सांगितला. लिफ्ट नव्हती, पाण्याची मोटर होती, ती लावली. दर खेपेला दार उघडलं की पेटी म्हणायची ओपन, लावलं की क्लोज्ड. शाळेत पहिल्या बाकावर बसणाऱ्या मुलीसारखी. एकदाही चुकली नाही.

"मी आलो की शहाणी होते ही," सुंदर वैतागून म्हणाला. "मामी, खरं सांगा. रोज कधी बोलते?"

"संध्याकाळी."

"रोज?"

"बहुतेक रोज."

"आणि तेव्हा कडी असते?"

सरोजानं पदर सारखा केला. "असते."

सुंदर तिच्याकडे जरा जास्त वेळ बघत राहिला, किंवा तिला तसं वाटलं. मग त्यानं सामान गोळा केलं. "कडी असताना ही ओपन म्हणत असेल तर ही डबी फेकून द्यायची. पण मला विचाराल तर ही चांगली आहे."

रघुराम खुर्चीतून म्हणाले, "कापी दिलीस का त्याला?"

"दिली."

"कचेरीतून आलाय तो. कापी दे."

सुंदरनं दुसरी कापीही घेतली, बिचाऱ्यानं.

*

तो गेल्यावर सरोजा घरभर फिरत राहिली. एका जागी बसवेना. तांदूळ निवडायला घेतले, ठेवून दिले. डबी चांगली आहे म्हणजे दार खरंच उघडं असतं. म्हणजे कडी खरंच निघते. म्हणजे ती आपणच काढतो, किंवा लावतच नाही. ती दाराशी गेली, कडी पाहिली, परत आली. पाच मिनिटांनी पुन्हा गेली. कडी पाहायला आलो होतो की पाहून झाली होती?

घर तसं नवं होतं. नंदिता कॉलेजात असताना जुनं उतरवून बांधलेलं. मोझेकची जमीन, वर सिमेंटची गच्ची. दार तेवढं सासूबाईंनी हलू दिलं नव्हतं. सागवानी, दोन फळ्यांचं, कडी अशी जाड की लग्न होऊन आल्यावर सरोजाला ती दोन्ही हातांनी उचलावी लागायची. आता एका हातानं निघायची. दारही पिढ्यानपिढ्या झिजून थोडं आत कललं होतं. उघडून सोडलं की आपसूक मागं यायचं आणि बोटभर राहायचं. नव्या माणसाला लागलंच आहे असं वाटायचं.

दुपारी कापी झाली. सरोजानं कडी लावली. आणि मग तिच्या मनात एक गोष्ट आली. दारापुढं कोलमची रांगोळी घालायच्या डब्यातलं तांदळाचं पीठ तिनं चिमूटभर घेतलं आणि कडीच्या टोकाला, जिथं बोटं लागतात तिथं, आतल्या बाजूनं नीट माखलं. हात स्वच्छ धुतले. पदराला पुसून उन्हात धरून पाहिले. आता कडी निघाली की पीठ बोटांना लागणार. आपणच काढून विसरत असलो तर बोटं सांगतील. आपल्या डोक्यावर भरवसा उरला नाही, निदान बोटांवर तरी ठेवावा.

उरलेली दुपार तिनं हात जपत काढली. कणीक मळायची पुढं ढकलली. खोबरं खवताना दर थोड्या वेळानं बोटं पाहत होती. खोबरंही पांढरंच, हे लक्षात आल्यावर खवणी बाजूला ठेवली आणि पुन्हा हात धुतले. रघुराम खुर्चीतून बघत होते.

"काय सारखे हात धुतेस?"

"काही नाही."

"सोवळं आहे का आज?"

"हो, सोवळं आहे," सरोजा म्हणाली. तेवढ्यापुरती ती हसलीही.

ऊन गल्लीतून वर सरकून समोरच्या गच्चीवर गेलं. गल्लीमागच्या जुन्या राजवाड्याच्या बुरुजावर पारवे घुमायला लागले. सरोजानं मागचं दार लावलं, देवापाशी बसली, वाती सारख्या केल्या, काडी ओढली. दोन्ही वाती पेटल्या. घंटी हातात घेतली, आणि आज मुद्दाम डोळे मिटले नाहीत. घंटी वाजवली.

घंटीचा नाद विरतो न विरतो तोच खुर्ची करकरली.

मग पावलं. मग लोखंडाचा तो जुना, ओळखीचा आवाज. पेटी म्हणाली, "फ्रंट डोअर ओपन." पुन्हा पावलं. पुन्हा खुर्ची.

सरोजा भिंतीला धरून उठली. बाहेर आली तेव्हा रघुराम बसले होते, मांडीवर हात, डोळे अर्धवट मिटलेले. उजव्या हाताचा अंगठा आणि दोन बोटं पांढरी झाली होती. वेष्टीच्या गुडघ्यावरही पिठाचा पुसटसा ठसा.

तिनं आपले हात पाहिले. स्वच्छ होते. क्षणभर इतकं हलकं वाटलं की तिला लाज वाटली. आपण विसरलो नव्हतो. आणि पाठोपाठ दुसरा विचार आला: म्हणजे कडी ह्यांना काढता येते.

"अहो," ती खाली वाकून म्हणाली, "दार का उघडलंत?"

रघुरामांनी डोळे उघडले. ह्या बाईला एवढंही कळू नये, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट होतं.

"दिवा लावलास ना?"

"लावला."

"मग? दिवा लावला नि दार बंद ठेवतात का? अम्मा ओरडेल." मग आवाज खाली आणून, जसं लहानपणी भावंडांत बोलतात तसं, "मागचं लावलंस ना?"

फोन वाजत होता. सरोजा खुर्चीशेजारी जमिनीवरच बसली. नंदिताला "यंत्रच गं" एवढं म्हणाली, आणि फोन ठेवला.

सासूबाईंचा आवाज किती वर्षांनी कानात आला. "सरोजा, पुढचं उघड, मागचं लाव!" दिवेलागणीला घराची ती एकच गडबड असायची. पुढच्या दोन्ही फळ्या सताड उघड्या, उंबरठ्यापाशी ओल्या कोलमच्या रेघा, बाहेरच्या तिण्णैवर, दाराशेजारच्या ओट्यावर, गप्पा मारत बसलेले शेजारी पाय वर घेऊन वाट द्यायचे. मागचं दार मात्र घट्ट. नवी नवरी असताना एकदा सरोजा मागचं दार लावायचं विसरली होती. सासूबाई सगळ्यांदेखत म्हणाल्या, "पुढून आली आणि मागून गेली! लक्ष्मीलासुद्धा तुझ्यासारखीच माहेरची घाई." सगळे हसले होते. हा तरणाताठा नवरा सगळ्यांत जास्त हसला होता.

आणि पोंगलनंतर तिनं पुढचंही लावून घेतलं होतं. भीतीपायी. दिवा लावायचा, घंटी वाजवायची, आणि दाराला कडी. तिला वाटलं होतं, ह्यांना काय कळतंय. मधे ओरत्तनाडूचा शेषाद्री गेला, रघुरामांचा चुलतभाऊ, त्याचं सुतक आलं. सुतकात दिवा नाही, घंटी नाही. पेटी मुकाट होती ती त्या दिवसांत. सगळे बॅटरीचं कौतुक करत बसले.

रात्रभर तिनं हिशेब केला नाही असं नाही. यंत्र बिघडलं म्हणावं तर नंदिता ह्यांना नेणार. मी विसरते म्हणावं तर दोघांना नेणार. ह्यांनीच उघडलं म्हणावं तर आजच नेणार. कुठूनही गेलं तरी रस्ता त्या बागेत जाऊन संपत होता.

*

शनिवारी नंदिता आली ती दुपार उलटल्यावर. बॅग खाली ठेवायच्या आधी तिनं डबी पाहिली, पेटी पाहिली, फोनमध्ये काहीतरी तपासलं. रघुराम तिला म्हणाले, "बसा. साहेब येतील आता." ती त्यांच्या पायाशी बसली आणि त्यांची बोटं आपल्या हातात धरून राहिली. पिठाचा आता मागमूस नव्हता.

"सुंदरशी बोलले मी," ती म्हणाली. "तो म्हणतो यंत्रात काही बिघाड नाही."

"नाहीच आहे."

नंदितानं वर पाहिलं.

"दिव्याची वेळ होऊ दे," सरोजा म्हणाली. "मग बोल. तोवर काही विचारू नको. आणि तू तिथं, स्वयंपाकघराच्या दाराशी उभी राहा. पुढं यायचं नाही, काही झालं तरी."

"अम्मा, हे काय नाटक—"

"एवढं ऐक माझं."

मधला वेळ संपता संपेना. नंदिता उभी राही, बसे, फोन पाही. सरोजानं मागचं दार लावलं, पाटावर बसली. काडी पेटवताना दोन काड्या फुकट गेल्या. ह्यांनी आजच उघडलं नाही तर? आणि उघडून आजच बाहेर पडले तर? तिनं घंटी वाजवली.

खुर्ची करकरली. रघुराम उठले. लेकीकडे त्यांनी पाहिलंही नाही. दाराशी गेले, कडी काढली, जड फळी आत ओढली आणि सोडली. क्षणभर बाहेरच्या गल्लीकडे बघत उभे राहिले. नंदिताचं एक पाऊल पुढं पडलं. सरोजानं पाटावरून नुसता हात वर केला. फळी हळूहळू मागं आली. रघुराम वळले, खुर्चीत येऊन बसले, हात मांडीवर ठेवले.

"फ्रंट डोअर ओपन," पेटी म्हणाली, आणि नंदिताच्या हातातला फोन थरथरला.

"म्हणजे अप्पांना कडी काढता येते," नंदिता दबक्या आवाजात म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता. "आणि तू इतके दिवस मला यंत्र, यंत्र—"

"मला वाटत होतं मीच विसरते. ते तुला सांगायचं नव्हतं."

"आणि हे?"

"हे परवा कळलं. दार उघडतात नि येऊन बसतात. दिव्यासाठी. आजीनं लावलेली सवय आहे ती. मी मोडली, त्यांनी नाही मोडली."

"आणि ज्या दिवशी येऊन बसणार नाहीत त्या दिवशी? अम्मा, तो दिवस येणार आहे. तुलाही माहीत आहे."

"माहीत आहे." सरोजा उठली, भिंत धरून बाहेर आली. "म्हणून ते त्यांच्यावर सोडायचं नाही. सुंदरकडून वर, माझाच हात कसाबसा पोचेल अशी दुसरी कडी लावून घेते. दिवसभर ती. आणि दिव्याच्या वेळी दार मी उघडणार, दोन्ही फळ्या, आणि तिण्णैवर ह्यांना घेऊन बसणार, मी कडेला. तुझी पेटी ओरडेल तेव्हा तुला कळेल, दिवा लागला. ज्या दिवशी भलत्या वेळी ओरडेल त्या दिवशी गाडी घेऊन ये. मी अडवणार नाही."

नंदिता फोन उलटासुलटा करत राहिली. तिच्या डोक्यात काय चाललं होतं ते सरोजाला वाचता येत नव्हतं, आणि नेमकं तेच आज हवं होतं.

"सोमवारचं मी पुढं ढकलते," शेवटी ती म्हणाली. "रद्द नाही. पुढं. पाडव्यापर्यंत. आणि ती वरची कडी उद्या, माझ्यासमोर."

"उद्याच."

सरोजानं दाराच्या दोन्ही फळ्या ओढून भिंतीला टेकवल्या. किती दिवसांनी गल्लीतला उजेड मोझेकवर सरळ आला. नंदिता उंबरठ्याच्या आत, बरोब्बर मधोमध उभी राहिली, हात चौकटीला लावून, आईबापाच्या आणि गल्लीच्या मधे.

"अहो बाई," रघुराम खुर्चीतून म्हणाले, "वाटेत का उभ्या? येणाऱ्याला आत येऊ द्या."

नंदितानं वळून त्यांच्याकडे पाहिलं. मग चौकटीवरचा हात काढला आणि बाजूला झाली. तिचा फोन पुन्हा थरथरला. पेटी बोलत होती, दार उघडं आहे म्हणून. कोणी ती बंद केली नाही. सरोजा रघुरामांच्या खुर्चीखालच्या चपलांकडे लक्ष ठेवून होती.